१०८ शिकी : क्योच्या हातून गेलेली आग

किंग ऑफ फायटर्स ह्या एसएनके कंपनीच्या मारामारीच्या व्हिडिओ गेम मालिकेतल्या क्यो कुसानागीच्या मूव्हसेटवर, म्हणजे त्याला येणाऱ्या मूव्हच्या यादीवर, आजही जे वाद होतात, त्यांचं मूळ १९९६ च्या भागात आहे. त्या वर्षी क्योचा फायरबॉल काढून टाकला. जमिनीवरून सरसरत जाणारी ती केशरी ज्वाळा, म्हणजे १०८ शिकी यामी-बाराई, ही मालिकेच्या नायकाची पहिली ओळख होती. तिच्या जागी पाऊल पुढे टाकून मारायचे पेटते ठोसे आले. पुढच्या जवळजवळ प्रत्येक भागात, आणि दुसऱ्या कंपनीबरोबर केलेल्या खेळांतही, क्योला कुठल्या रूपात आणायचं हा प्रश्न ह्या एका निर्णयापाशी येऊन थांबतो.

आधीचा इतिहास थोडक्यात. १९९४ च्या पहिल्या भागात निरनिराळ्या खेळांतली माणसं एका रिंगणात आणली होती. फेटल फ्युरीतून टेरी, आर्ट ऑफ फायटिंगमधून र्‍यो, इकारी वॉरियर्समधून राल्फ आणि क्लार्क, सायको सोल्जरमधून अथेना. ८ संघ, प्रत्येकी ३ जण. ह्या सगळ्यांना मागचा खेळ होता, मागचे चाहते होते. क्योच्या पाठीशी काहीच नव्हतं. म्हणून असेल, त्याला लगेच ओळखीचं वाटेल असं सामान दिलं: लांबच्यासाठी फायरबॉल, उडी मारून येणाऱ्यासाठी ओनियाकी, म्हणजे वर उसळणारा पेटता वार. स्ट्रीट फायटर खेळलेल्या कुणालाही क्यो पहिल्याच डावात जमायचा.

१९९५ मध्ये इओरी यागामी आला, आणि त्याच्या यादीतही तीच १०८ शिकी यामी-बाराई, तीच १०० शिकी ओनियाकी होती. फक्त आग जांभळी. कथेनुसार दोन्ही घराणी एकेकाळी एका बाजूला होती. ६६० वर्षांपूर्वी यागामींनी ओरोची ह्या संहारक शक्तीशी करार केला आणि त्यांच्या आगीचा रंग बदलला. म्हणजे मूव्ह सारखी असणं हा आळस नव्हता, तो कथेचाच भाग होता. पडद्यावर एका बाजूने केशरी आणि दुसऱ्या बाजूने जांभळी ज्वाळा येऊन मध्ये भिडायच्या, त्यात दोन घराण्यांचं भांडण न बोलता दिसायचं.

मग ९६ आलं आणि ह्या जोडीतली एकच आग उरली. इओरीची.

ह्याला पुष्कळ जण अन्याय म्हणतात. मला तो निर्णय पटतो, आणि त्याचं कारण खेळाच्या चालीत आहे. ९४ आणि ९५ मध्ये फायरबॉल चुकवायचा तर जागच्या जागी अंग चोरायचं किंवा उडी मारायची. ९६ मध्ये लोळण आली, मनसोक्त धावता येऊ लागलं, बुटकी उडी आली. माणूस आगीतून लोळून थेट छातीशी येऊ लागला. अंतर राखून आग फेकत राहणं हा धंदाच मोडीत निघाला. त्या वर्षी हे क्योपुरतं झालेलं नाही. र्‍योचं कोओ-केन, म्हणजे त्याचा फायरबॉल, हे पूर्वी पडदाभर जायचं, ते ९६ मध्ये हाताच्या पुढे जेमतेम टिकू लागलं. रचनाकारांना लढाई जवळ आणायची होती. नायकच लांब उभा राहिला असता तर नव्या चालीला अर्थ उरला नसता.

क्योला बदल्यात जे मिळालं ते मोठं होतं. ११४ शिकी आरागामी, त्यातून फुटणारी १२८ शिकी कोनोकिझु किंवा १२७ शिकी यानोसाबी. जड ठोशाने ११५ शिकी दोकुगामी, तिच्यामागून ४०१ शिकी त्सुमियोमी, आणि शेवटी ४०२ शिकी बात्सुयोमी. एक ठोसा लागला की समोरच्याला ओळखावं लागतं, पुढचा कुठला येणार की येणारच नाही. आरागामी सुरू होताना क्योचा हात वरचा वार झेलतोही. फायरबॉल टाकणारे त्या खेळात आणखीही होते. हे फाटे मात्र क्योचेच. ह्याच वर्षी क्यो दुसऱ्या खेळातल्या नायकाची सावली राहिला नाही, असं मी म्हणेन.

तरीही एक गोष्ट खटकते, आणि ती नावाची आहे. शिकी म्हणजे पद्धत, प्रकार. कुसानागी कलेतल्या प्रत्येक डावाला आकडा आहे. १०८ हा आकडा आपल्याला जपमाळेमुळे जवळचा. जपानी बौद्ध परंपरेतही माणसाच्या विकारांची संख्या १०८ मानतात. यामी-बाराई म्हणजे अंधार झाडून टाकणं. आता क्योची मोठी सुपर, म्हणजे ताकद भरल्यावर निघणारी सगळ्यात जबर मूव्ह, पाहा: उरा १०८ शिकी ओरोची-नागी. उरा म्हणजे उलटी, मागची बाजू. हातात आग धरून ठेवायची आणि बटण सोडलं की एकदम फिरवायची, अशी ती मूव्ह. नागी म्हणजे कापून आडवं करणं. कुसानागी ह्या नावातही तेच, गवत कापणारी तलवार. ओरोची-नागीत गवताच्या जागी सर्प. आठ तोंडांच्या सर्पाच्या दंतकथेतून सगळं उचललं आहे, इओरीची या-ओतोमे, म्हणजे आठ कन्या, हीसुद्धा तिथलीच. तर ९६ मध्ये क्योकडे १०८ ची उलटी बाजू राहिली आणि सुलटी गेली. मूळ १०८, कुसानागींचं नाव लावणारी, फक्त यागामीकडे. मूव्ह बदलताना निदान सुपरच्या नावाकडे कुणीतरी बघायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

इंदूरला आम्हाला ह्यातलं काही माहीत नव्हतं. रामबाग, नारायणबागेकडच्या आम्हा पोरांसाठी मालिका ९७ पासूनच सुरू झाली. घरात मराठी, पण मशीनपाशी सगळे तिला ‘सत्तानवे’च म्हणायचे. राजवाड्यामागच्या एका गल्लीत, जिन्याखालच्या जागेत दोन मशीन होत्या. हँडलचा लाल गोळा हाताच्या घामाने गुळगुळीत झालेला, चार बटणांपैकी तिसऱ्याचा रंग पार उडालेला. तिसरं म्हणजे सी, जड ठोसा. त्या एका बटणाच्या अवस्थेवरून कळायचं की तिथे इओरी किती खेळला जातो. इओरीला सगळे लोरी म्हणायचे, पहिलं अक्षर एल समजून. आमचा समज असा की आग लोरीची असते आणि क्यो म्हणजे ठोसेवाला.

एका उन्हाळ्यात पुण्याहून माझा मावसभाऊ आला. तो ९५ खेळलेला. त्याने क्यो घेतला, मी लोरी. तो मुद्दाम पार कोपऱ्यात गेला, हँडल खाली, तिरपं, पुढे, आणि सी. त्याच्या हाताला सवय होती की आता आग निघणार. क्योने एक पाऊल पुढे टाकलं, पेटता हात हवेत फिरवला, आणि माझी जांभळी ज्वाळा त्याच्या अंगावर चढली. त्याने पुन्हा तेच केलं. पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदा तो मागे वळून म्हणाला, “काका, तुमचं बटण गेलंय.” दुकानवाले उठून आले, त्यांनी स्वतः सी दाबून दाखवलं आणि म्हणाले, “बटन बराबर है भिया, इसमें इत्तीच निकलती है.” भाऊ गप्प झाला. डाव संपल्यावर म्हणाला, “ह्याची आग काढून घेतलीये रे.” तोपर्यंत आमच्यातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं की क्योकडे ती कधी होती.

ह्या निर्णयाची खरी अडचण तीच आहे: हँडलची फिरवणी बदलली नाही. खाली, पुढे, ठोसा. ९५ मध्ये त्यातून आग निघायची, ९६ पासून आरागामी किंवा दोकुगामी. जुन्या खेळाडूचा हात सवयीने ती फिरवणी लांबूनच करायचा आणि क्यो आपण होऊन संकटात पाऊल टाकायचा. नव्या मूव्हला वेगळी फिरवणी दिली असती तर निम्मी कटुता झालीच नसती.

९७ ने ह्यात एक अर्धवट दिलासा दिला. डाव सुरू होण्याआधी दोन पद्धतींतून एक निवडायची. अॅडव्हान्स्डमध्ये ९६ ची लोळण आणि धाव. एक्स्ट्रामध्ये ९४-९५ सारखं अंग चोरणं आणि बटणं दाबून ताकद भरणं. म्हणजे जुनी चाल परत आली, पण निवडलेल्या क्योच्या हातात आग आली नाही. ती लपवून ठेवली होती. क्योच्या चौकटीवर स्टार्ट दाबून धरलं की जुन्या मूव्हचा क्यो यायचा. आमच्याकडे ही युक्ती भाऊ परत गेल्यावर बऱ्याच महिन्यांनी पोचली. ९७ मध्येच शिंगो आला, क्योचा शिष्य, ज्याच्या हातातून ठिणगीही निघत नाही. त्याच्या ओनियाकी आणि आरागामीच्या नावापुढे ‘अपूर्ण’ असं लिहिलेलं आहे. शिष्य आरागामी शिकला, यामी-बाराई शिकला नाही. गुरूने मागचं मागे टाकलं, ह्याचा ह्याहून स्पष्ट पुरावा नको.

पुढे १९९८ मध्ये कथा बाजूला ठेवून सगळ्यांना एकत्र आणणारा भाग आला आणि जुन्या मूव्हचा क्यो वेगळी निवड म्हणून स्टार्टच्या आड कायम झाला. १९९९ मध्ये हा गुंता थेट कथेत आला: क्योचे क्लोन. क्यो-१ कडे सुरुवातीच्या भागांतल्या मूव्ह, क्यो-२ कडे ९६ नंतरच्या. वादाचे दोन पक्ष दोन माणसं करून समोर उभे केले. मला ही त्या काळातली सगळ्यात प्रामाणिक कल्पना वाटते.

आमच्याकडे हे सगळं उलट्या क्रमाने आलं. सायबर कॅफेत एम्युलेटर आला, म्हणजे मशीनचे खेळ कॉम्प्युटरवर चालवणारा प्रोग्रॅम, जेल रोडवरून आणलेल्या एका सीडीत सगळी वर्षं एका यादीत होती. ९७ वर हात बसल्यानंतर आम्ही एका संध्याकाळी ९५ उघडलं. कीबोर्डवर खाली-पुढे दाबलं आणि क्योच्या हातातून ज्वाळा निघून पडद्याच्या टोकापर्यंत गेली. माझ्या शेजारच्या मित्राने लगेच पुन्हा दाबलं, आधीची ज्वाळा विझायचीही वाट न बघता. मला तेव्हा मावसभावाचा चेहरा आठवला.

‘जुना क्यो’ हा शब्द तेव्हापासून बिघडलेला आहे. ९७ च्या मशीनवर वाढलेल्याला जुना क्यो म्हणजे स्टार्ट दाबून येणारा, आगवाला. नंतर मालिकेत आलेल्याला जुना म्हणजे आरागामीवाला, कारण तोच त्याने इतकी वर्षं पाहिलेला. आणि २००९ च्या बाराव्या भागात यामी-बाराई परत क्योच्या हातात आली, २०१० च्या तेराव्यातही तीच राहिली. त्या तेराव्यात आरागामीवाला क्यो नंतर वेगळा विकला गेला, नेस्ट्स शैलीचा क्यो म्हणून (नेस्ट्स ही कथेतली क्योचे क्लोन बनवणारी संघटना). म्हणजे तिथे १९९४ च्या मूव्ह असलेला क्यो चालू, आणि त्यांच्यानंतर आलेल्या मूव्हचा क्यो जुना! दोन इंदुरी माणसं जुन्या क्योवरून तासभर भांडून शेवटी एकाच बाजूला निघालेली मी पाहिली आहेत. आमच्यात आता आम्ही १०८ चा क्यो आणि ११४ चा क्यो म्हणतो. आकड्यात गैरसमजाला जागा नाही.

दुसऱ्या कंपनीबरोबरच्या खेळांत प्रश्न आपोआप सुटला. २००१ च्या कॅपकॉम व्हर्सेस एसएनके २ मध्ये क्यो स्ट्रीट फायटरमधल्या र्‍यूच्या शेजारी उभा राहिला. र्‍यूकडे हादोकेन, खाली-पुढे-ठोसा. १०८ चा क्यो तिथे दुय्यम दिसला असता. तिथे ११४ चा क्यो आला, सहा बटणांच्या खेळात आपले फाटे घेऊन, आणि इओरी आपली जांभळी ज्वाळा घेऊन. फायरबॉलवाल्यांच्या गर्दीत क्योला स्वतःची जागा मिळाली ती ९६ च्या कापणीमुळेच. हा मुद्दा विरोधकांकडून क्वचितच विचारात घेतला जातो.

इओरीची गोष्ट उलट झाली. कथेत त्याची आग चोरली गेली आणि बाराव्या भागात तो नखांनी ओरबाडत लढला, यामी-बाराईशिवाय. तेव्हा मात्र कुणी चाल जवळ आणण्याचं कौतुक केलं नाही, सगळीकडे हळहळ होती. तेराव्यात आगीचा इओरीही नंतर वेगळा द्यावा लागला. काही काळ १०८ शिकी पुन्हा कुसानागींच्या घरी होती आणि यागामी रिकाम्या हाताचा.

२०१६ च्या चौदाव्या भागात दोघं आपापल्या जागी परतले: इओरीकडे जांभळी १०८, क्योकडे आरागामी आणि दोकुगामी. २०२२ च्या पंधराव्यात त्याच जोडीने दोघं आले. मावसभाऊ आता आमच्याशी ऑनलाइन खेळतो, क्योच घेतो, आणि कोपऱ्यात गेला की अजूनही पहिल्यांदा खाली-पुढे-सी दाबतो.