खालची टाकी: खानदेशातल्या खाऱ्या पाण्याच्या छंदामागचा इतिहास

जळगाव-धुळ्याकडे माशांची टाकी म्हणजे गोल्डफिश, गप्पी, फार तर एखाद्या दवाखान्याच्या वेटिंग रूममधला फ्लॉवरहॉर्न. घरात खाऱ्या पाण्याची, प्रवाळाची टाकी ठेवायचा बेत अलीकडे कुठे कुठे ऐकू येतो. बोलणं सुरू होतं ते काचेपासून: किती फुटी, कुठल्या भिंतीला, लाइट कोणता. दोन-तीन टाक्यांना मिळून एकच फिल्टर, म्हणजे टाक्यांखाली ठेवायची पाण्याची पेटी (तिला ‘संप’ म्हणतात), हा विषय शेवटी निघतो आणि तोही पैसे वाचवायचा उपाय म्हणून. प्रत्यक्षात या छंदाची पहिली मोठी युक्ती तीच आहे.

समुद्रापासून लांब असणं ही फक्त आपली अडचण नाही. तापी सुरतेजवळ समुद्राला मिळते, पण धुळ्याहून तिथवर दोनशेवर किलोमीटर जावं लागतं आणि तिथलं पाणी गढूळच असतं. लंडनकरांचीही हीच पंचाईत होती. ॲना थिन नावाच्या बाईंनी 1846 मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनच्या घरी नेले. रोज समुद्राचं पाणी आणणार कोण? म्हणून आहे तेच पाणी ताजं ठेवण्यासाठी मोलकरीण उघड्या खिडकीशी उभी राहून अर्धा-पाऊण तास ते एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत असे. घरगुती प्रवाळाच्या टाकीचा पहिला पंप ही मोलकरीण होती, आणि तिचं नाव कुठे सापडत नाही. 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांना पाहण्यासाठी मत्स्यालय उघडलं. त्यात पुढाकार घेणाऱ्या फिलिप गॉस यांनी चार क्षार मिसळून कृत्रिम समुद्रपाणी करायची कृतीही दिली. मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड, एवढंच.

पण पाणी तयार झालं म्हणून ते टिकत नाही. ऊन लागलं की शेवाळ, उरलेलं खाणं कुजलं की दुर्गंध, आणि टाकी छोटी असेल तर दोन दिवसांत सगळा खेळ आटोपतो. यावरचा तोडगा विल्यम आल्फर्ड लॉइड यांनी काढला. लंडनमध्ये ते समुद्री जीव आणि टाक्या विकत. पुढे हॅम्बर्गचं मत्स्यालय (1864) आणि लंडनच्या क्रिस्टल पॅलेसचं (1871) त्यांनी उभं केलं. दाखवायच्या टाक्यांखाली, अंधारात, त्यांच्या कित्येक पट पाणी मावेल असा हौद, आणि वाफेवरच्या पंपाने ते पाणी सतत सगळ्या टाक्यांतून फिरवून परत हौदात. अंधारामुळे शेवाळ माजत नाही, पाणी थंड राहतं, आणि एका टाकीत काही बिघडलं तर ती घाण एवढ्या मोठ्या साठ्यात पातळ होऊन जाते. पंप आणि नळ धातूचे न घेता त्यांनी कडक रबराचे वापरले, कारण खारं पाणी लोखंड खातं आणि तांबं समुद्री जीवांना मारतं. आज जळगावात कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारा पीव्हीसी पाइप हे काम आरामात करतो. त्या बाबतीत तरी आपण लॉइडच्या पुढे आहोत!

ही रचना खानदेशी माणसाला नवी वाटू नये. पांझरा नदीकाठच्या फडांत, म्हणजे सामायिक पाण्यावरच्या शेतांच्या गटांत, एका बंधाऱ्याचं पाणी एका पाटाने सगळ्यांना मिळतं, जास्तीचं सांडव्यावरून परत नदीला जातं. आणि म्हणूनच एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं असतं. सामायिक संपाचीही तीच अट. एका टाकीत मऊ प्रवाळ, दुसरीत घोडामासा आणि तिसरीत भरपूर खाणारे मोठे मासे असा बेत कागदावर छान दिसतो, पण क्षारता, तापमान आणि नायट्रेट तिघांना एकच मिळणार. ज्याची गरज सगळ्यांत काटेकोर, त्याच्याप्रमाणे बाकीच्यांनी राहायचं.

लॉइडच्या हौदात नेमकं काय घडतं, हे त्यांच्या काळी कोणाला सांगता आलं नसतं. अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट करणारे जिवाणू विनोग्राड्स्की यांनी 1890 च्या सुमारास वेगळे करून दाखवले. माशांच्या शरीरातून बाहेर पडणारा जहरी अमोनिया हेच जिवाणू निकामी करतात. 1961 मध्ये जाकार्ताचे ली चिन एंग यांनी आपली पद्धत मांडली. जिवंत खडक, समुद्राचं पाणी आणि हवेचे बुडबुडे, बस्स. खडकावर वस्तीला असलेले जिवाणूच गाळणी. जर्मन शौकिनांनी त्याला फेसावाटे घाण काढणारा स्किमर जोडला, आणि तीच बर्लिन पद्धत म्हणून रूढ झाली.

घरोघर संप पोहोचला तो 1986 मध्ये. जॉर्ज स्मिट यांनी एका अमेरिकन मासिकात डच पद्धतीच्या टाक्यांवर लेखमाला लिहिली. त्यात टाकीखालच्या कपाटात एक पेटी होती आणि जिवाणू वाढावेत म्हणून ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या तुकड्यांवरून पाणी ठिबकत खाली यायचं. अमोनिया झटकन जायचा, पण नायट्रेट साचत राहायचं. पुढच्या दहा-बारा वर्षांत बहुतेकांनी ते प्लॅस्टिक काढून टाकलं. पेटी मात्र राहिली, कारण स्किमर, हीटर, पाणी थंड करणारा चिलर ठेवायला आणि पाण्याचा एकूण साठा वाढवायला तिच्याइतकी सोयीची जागा नाही.

आता हे सगळं आपल्याकडे बसवायचं तर हिशेब बदलतो. लिटरला 35 ग्रॅम क्षार धरले, तर संपासह 300 लिटरच्या रचनेला साडेदहा किलो लागतात, आणि बाजारच्या सागरी मिठात ओलावा असतो, म्हणून थोडं अधिकच. बोअरचं पाणी चवीला खारट आहे म्हणून चालेल, हा समज आधी सोडावा. त्यातले क्षार समुद्रातले नव्हेत, आणि शेतातल्या खताचं नायट्रेट त्यात फुकट येतं. आरओचंच पाणी हवं. उन्हाळ्यात वाफ होऊन जातं ते नुसतं पाणी, मीठ मागे राहतं. म्हणून रोजची भर बिनमिठाच्या आरओ पाण्याची घालायची.

प्रवाळाला 24 ते 27 अंश मानवतं, आणि मे महिन्यात भुसावळचा पारा 45 वर जातो. चिलर म्हणजे चैन नव्हे. तो पाण्यातली उष्णता काढून खोलीत सोडतो, हेही ध्यानात धरावं. बंद कपाटात ठेवला तर स्वतःच तापतो. वीज गेली की पंप थांबतो आणि वरच्या टाक्यांतलं थोडं पाणी उतरून संपात येतं. टाक्या तीन असतील तर ते तिघांचं मिळून येतं, तेव्हा तेवढी जागा संपात रिकामी सोडलेली हवी, नाहीतर हॉलमध्ये खारा पाट वाहणार. इन्व्हर्टरवर चिलर चालत नसेल तरी पंप चालायला हवा.

नवा मासा थेट या रचनेत सोडू नये. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग एका टाकीत शिरला की पाण्याबरोबर सगळीकडे जातो, आणि त्यावरचं तांब्याचं औषध प्रवाळ मारतं. नव्या माशाची टाकी वेगळी, तिचा फिल्टरही वेगळा, आणि तिची जाळीसुद्धा इकडे वापरायची नाही.

कायद्याची बाजू या छंदात सर्वांत उशिरा पाहिली जाते. महाराष्ट्राला स्वतःचे प्रवाळ आहेत. ते मालवणला आहेत आणि तिथलं सागरी अभयारण्य 1987 चं आहे. 1951 मध्ये मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय उघडलं तेव्हा प्रवाळ हा कायद्याचा विषय नव्हता. वन्यजीव कायदाच 1972 चा, आणि 2001 मध्ये त्याच्या पहिल्या अनुसूचीत खडक बांधणारे सगळे प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्री पंखे आणि घोडामासे आले. वर घोडामाशाचा बेत म्हटला, तो इथेच थांबतो. देशातल्या समुद्रातून काढलेला प्रवाळ घरी ठेवणं गुन्हा, आणि जिवंत खडक म्हणून खपवला जाणारा तुकडा बहुतेकदा प्रवाळाचाच सांगाडा असतो. कृत्रिम खडक घेऊन त्यावर जिवाणूंची वस्ती होऊ द्यावी. याला काही आठवडे लागतात. बाहेरदेशच्या प्रवाळाचे आयातीचे आणि नोंदणीचे कागद विकणाऱ्याकडे मागावेत. कागद नसतील तर सौदा नको. क्लाउनफिशची पैदास मात्र आता आपल्याकडे उबवणी केंद्रांत होते, नवी मुंबईतल्या ऐरोलीतही. पहिल्या उन्हाळ्यात तेवढीच जोडी ठेवून चिलर आणि संप नीट चालतो का ते पाहता येतं.