सातवीतल्या सवयी आणि कॉलेजातले पहिले सत्र

दहावीचा निकाल लागला की कोल्हापुरात दरवर्षी एक छोटे स्थलांतर घडते. राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी, आजरा, चंदगड अशा तालुक्यांतून मुले-मुली अकरावीसाठी शहरात येतात. कोणी वसतिगृहात राहते, कोणी राजारामपुरीत चौघांत मिळून खोली घेते, कोणी मावशीच्या घरी उतरते. यांतली बरीचशी मुले हुशार असतात आणि गुणपत्रिका घेऊन येताना त्यांच्या घरच्यांना कसलीही शंका नसते. तरीही पहिल्या सत्राच्या अखेरीस काहींची गाडी घसरते, आणि मग ‘शहराची हवा लागली’ असा निकाल घरात दिला जातो. हे निदान सोपे असले तरी बहुधा चुकीचे आहे. दहावीपर्यंत त्या मुलाचा दिवस इतर लोक चालवत होते: आई उठवत होती, शाळेची घंटा बसवत होती, शिकवणीचे सर गृहपाठ तपासत होते. कॉलेजात हा सारा बाहेरचा सांगाडा एका जून महिन्यात काढून घेतला जातो, आणि आतला सांगाडा तोवर तयारच झालेला नसतो.

तो केव्हा आणि कसा तयार होतो, याविषयी गेल्या काही दशकांत मज्जाविज्ञान आणि मानसशास्त्र यांनी बरेच काही शोधले आहे. त्यावरून पाहता कॉलेजच्या तयारीचा खरा काळ सहावी ते आठवीचा ठरतो, आणि त्या तयारीत आगाऊ पाठ्यक्रमाचा वाटा अगदीच थोडा असतो.

सवय लागते म्हणजे मेंदूत नेमके काय होते, हे अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत अ‍ॅन ग्रेबिएल यांच्या प्रयोगशाळेने उंदरांवर अभ्यासले. इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराच्या वाटेवरून धावत बक्षिसापर्यंत जाण्यास उंदीर शिकत असताना, त्यांच्या मेंदूच्या खोल भागातील स्ट्रायटम नावाच्या केंद्रातल्या पेशी सुरुवातीला संपूर्ण धावेत सक्रिय राहत. सराव पक्का झाल्यावर ही सक्रियता प्रामुख्याने धावेच्या आरंभी आणि शेवटी एकवटली आणि मधला भाग शांत झाला. मेंदूने संपूर्ण कृतीची जणू एकच गाठोडी बांधली होती आणि ती उघडण्यासाठी आरंभीची खूण पुरेशी होती. बक्षीस बंद केल्यावर हा आकृतिबंध मावळला, परंतु बक्षीस पुन्हा सुरू होताच तो परतलाही. घरोघरच्या मोबाइलच्या बाबतीत हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. परीक्षेच्या महिन्यात कपाटात ठेवलेला फोन मे महिन्यात हाती आला की जुनी सवय पहिल्याच दिवशी पूर्ण ताकदीने का परत येते, याचा एक धागा येथे सापडतो.

माणसांच्या बाबतीतही खूण आणि जागा यांचे महत्त्व असेच दिसते. मानसशास्त्रज्ञ वेंडी वूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांनी दर तासाला आपण काय करत आहोत याची नोंद ठेवली, तेव्हा सुमारे ४३ टक्के कृती जवळजवळ रोज आणि बहुतेक वेळा त्याच परिस्थितीत होणाऱ्या, मनात दुसरेच विचार चालू असताना पार पडणाऱ्या निघाल्या. दिवसाचा एवढा मोठा हिस्सा निर्धाराविना चालत असेल, तर मुलाला ‘मन घट्ट कर’ असे सांगण्यापेक्षा त्याच्या भोवतीच्या खुणा बदलणे अधिक फलदायी ठरावे.

सवय लागायला २१ दिवस लागतात, असे पालकसभांमध्ये हमखास सांगितले जाते. हा आकडा १९६० च्या सुमारास एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनने, आपल्या रुग्णांना बदललेल्या चेहऱ्याची सवय होण्यास किमान किती दिवस लागतात याविषयी केलेल्या निरीक्षणातून पसरला. अभ्यासाच्या सवयीशी त्याचा काहीही संबंध नव्हता. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना एक साधी कृती रोज एका ठरावीक खुणेनंतर, उदाहरणार्थ न्याहारीनंतर, १२ आठवडे करायला लावली. कृती आपोआप होऊ लागण्यास साधारण ६६ दिवस (मध्यक) लागले, पण व्यक्तीगणिक हा काळ १८ ते २५४ दिवस असा पसरलेला होता; १२ आठवड्यांपलीकडचे आकडे नोंदींवरून गणिताने काढलेले अंदाज होते. एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्याच्या प्रक्रियेला विशेष धक्का बसला नाही. सहभागी झालेले लोक प्रौढ होते, त्यामुळे हे आकडे बारा वर्षांच्या मुलीला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तरी जूनमध्ये सुरू केलेली गोष्ट जुलैत जमली नाही म्हणून सोडून देणे घाईचे ठरेल, एवढे यातून निश्चित निघते.

कोल्हापूरकरांना खुणेचे हे शास्त्र समजावण्यासाठी खरे तर लंडनला जाण्याची गरज नाही. येथील तालमींनी ते पिढ्यानपिढ्या वापरले आहे. गंगावेश किंवा मोतीबाग तालमीत दाखल झालेला कोवळा पठ्ठा पहाटे उठतो, तो रोज नवा निश्चय करून उठत नाही. त्याच्या बाजूचे दहा जण उठलेले असतात, पादत्राणे बाहेर ठरलेल्या जागी काढायची असतात, मारुतीला आणि मातीला नमस्कार करूनच हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यात, पाय ठेवायचा असतो, माती उकरायची असते, आणि मग जोर, बैठका, लढती हा क्रम ठरलेला असतो. प्रत्येक पायरी पुढच्या पायरीची खूण असते. जागा एकच, वेळ एकच, सुरुवात नेहमी त्याच कृतीने, आणि भोवती तेच करणारी माणसे: सवयीवरील संशोधनाला अनुकूल परिस्थितीची व्याख्या करायला सांगितले, तर ती याहून फारशी वेगळी होणार नाही. यातील नमस्कार हा शिष्टाचारही आहे आणि खूणही. वस्तादाला आणि मातीला मान देण्याच्या त्या क्षणी पठ्ठ्याचे शरीर पुढच्या श्रमाला सज्ज होत असते. सवय आणि रीतभात या दोन वेगळ्या गोष्टी मानून एक शास्त्राच्या आणि दुसरी संस्काराच्या खात्यात टाकण्याची आपली पद्धत येथे अपुरी पडते.

याच शहरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभारण्यास चालना दिली आणि १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा निर्णय घेतला. ज्या घरात कोणीही शाळेत गेलेले नव्हते, त्या घरातल्या मुलाला वसतिगृहात निवारा आणि जेवण मिळाले, त्याबरोबरच अभ्यास करणाऱ्या मुलांची सोबत आणि दिवसाचे एक वेळापत्रकही मिळाले. आजच्या चार जणांच्या भाड्याच्या खोलीत हे शेवटचे नेमके नसते.

आता वयाचा प्रश्न. मेंदूचे अभ्यासक जे गीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली मुलांच्या मेंदूची वर्षानुवर्षे घेतलेली एमआरआय चित्रे प्रसिद्ध केली, तेव्हा कपाळामागील भागातले करडे द्रव्य, म्हणजे मेंदूच्या पेशी दाटलेला थर, मुलींमध्ये सुमारे ११ व्या आणि मुलांमध्ये सुमारे १२ व्या वर्षी सर्वाधिक असते आणि नंतर घटू लागते, असे दिसले. ही घट काळजीची नाही. या काळात न वापरल्या जाणाऱ्या जोडण्या छाटल्या जातात आणि उरलेल्या मार्गांवर मायलिन या स्निग्ध पदार्थाचे आवरण चढून संदेशांचा वेग वाढतो, असे मानले जाते. नियोजन करणे, मोह आवरणे, दोन गोष्टींतली कोणती आधी करायची हे ठरवणे, ही कामे ज्या भागाकडे आहेत तोच भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत राहतो. याचा अर्थ सातवीतल्या मुलाकडून प्रौढासारखे नियोजन अपेक्षिणे अन्यायाचे आहे, आणि त्याचे सगळे नियोजन आपणच करून टाकणे हेही तितकेच नुकसानीचे आहे, कारण जो मार्ग वापरात येत नाही तो पक्का होत नाही.

झोपेबद्दल थोडक्यात, कारण येथे शास्त्र स्पष्ट आणि आचरण उफराटे आहे. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१६ साली ६ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी ८ ते १० तास झोपेची शिफारस केली. वयात येताना मेलाटोनिन हे झोपेची चाहूल देणारे संप्रेरक रात्री उशिरा स्रवू लागते, त्यामुळे आठवीतली मुलगी दहा वाजता ‘झोप येत नाही’ म्हणते तेव्हा ती खोटे बोलत असतेच असे नाही. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवण्याची सूचना केली. ज्यांचे शरीर खरोखर उशिरा झोपू पाहते त्या त्यापुढच्या मुलांसाठी मात्र ही सूचना नव्हती. शाळेची वेळ पालकांच्या हाती नसते. दिवे मंद करण्याची आणि फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावण्याची वेळ मात्र असते, आणि तो नियम आईवडिलांच्या फोनलाही लागू असला तरच टिकतो.

अभ्यासाच्या सवयींपैकी एकच निवडायची झाली तर मी आठवून लिहिण्याची निवडेन. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा दोनदा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून मग आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे थोडे पुढे होते. आठवड्यानंतर चित्र उलटले: आठवून लिहिलेल्यांना सुमारे ५६ टक्के, तर दोनदा वाचलेल्यांना सुमारे ४२ टक्के मजकूर आठवला. आपल्या शाळांत घटक चाचणीच्या आदल्या रात्री धडा पुन्हा पुन्हा वाचण्याची रीत आहे आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरापुरती ती उपयोगी पडते, म्हणूनच ती सुटत नाही. कॉलेजात चार महिन्यांच्या सत्राचा पेपर एकदम समोर येतो तेव्हा तिची मर्यादा उघडी पडते. धडा संपल्यावर पुस्तक मिटून वहीत दहा ओळी लिहिण्याची सवय सहावीत लागली, तर तिच्यासाठी वेगळी शिकवणी लावावी लागत नाही.

रीतभातीकडे वळू. येथे आपण मुलांना ‘नमस्कार कर’, ‘उलट बोलू नको’ एवढे शिकवतो आणि थांबतो. कॉलेजात लागणारी रीत याहून अवघड असते: अनोळखी प्राध्यापकाला न समजलेली गोष्ट विचारणे, उशीर होणार असेल तर आधी कळवणे, कार्यालयातल्या खिडकीवर आपले काम नीट सांगणे, गटात काम करताना दुसऱ्याचे बोलणे पूर्ण होऊ देणे. रंकाळ्यावर मित्रांना ‘भावा’ म्हणत तासभर रंगवणारा मुलगा बोनाफाइड प्रमाणपत्र मागताना मान खाली घालतो, तो उद्धट असतो म्हणून नव्हे. त्या प्रकारचे बोलणे त्याने कधी केलेलेच नसते.

मदत मागण्याविषयी अ‍ॅलिसन रायन आणि पॉल पिंट्रिच यांनी १९९७ साली सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. ज्यांना गणितातल्या आपल्या कुवतीबद्दल खात्री नव्हती, त्यांनाच मदत मागणे धोक्याचे वाटत होते आणि तीच मुले ती टाळत होती. ज्याला गरज सर्वाधिक तोच गप्प, अशी ही अडचण आहे, आणि ती कॉलेजातल्या शंभर जणांच्या वर्गात आणखी घट्ट होते. वर्गात प्रश्न विचारणाऱ्याला हसू न देणे ही म्हणून शिक्षकाची सर्वांत मोठी शिस्त मानली पाहिजे. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले होते की शिक्षक प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी सरासरी एखादा सेकंदच थांबतात. हीच वाट तीन सेकंदांपर्यंत लांबवली तर उत्तरे लांब व अधिक विचारपूर्वक येतात आणि एरवी न बोलणारी मुलेही बोलू लागतात. दुसऱ्याला वाक्य पूर्ण करू देण्याची रीत मुले बहुधा उपदेशातून कमी आणि असे थांबणाऱ्या मोठ्यांकडून जास्त शिकतात.

अशा शिकवण्याने अभ्यासाचा वेळ वाया जातो, ही भीती निराधार आहे. भावना ओळखणे, संयम आणि सहकार्य यांचे शिक्षण देणाऱ्या २१३ शालेय उपक्रमांचा, त्यांतील २,७०,०३४ विद्यार्थ्यांसह, जोसेफ डर्लाक आणि सहकाऱ्यांनी २०११ साली एकत्रित आढावा घेतला. वागणुकीत सुधारणा झालीच, शिवाय ज्या उपक्रमांत शैक्षणिक कामगिरी मोजली गेली होती, तेथे तीही सरासरी ११ शततमक अंकांनी, म्हणजे शंभर जणांच्या क्रमवारीत साधारण ११ जागांनी, वर गेलेली आढळली.

घरात हे आणायचे तर मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी अभ्यासलेली ‘जर-तर’ योजना कामी येते. ‘मी रोज अभ्यास करेन’ या संकल्पापेक्षा ‘संध्याकाळी खेळून आल्यावर हातपाय धुतले की खिडकीजवळच्या टेबलावर वही उघडेन’ हे ठरवणे अधिक वेळा पार पडते, कारण त्यात खूण, जागा आणि पहिली कृती तिन्ही नेमकी ठरलेली असतात. घरात जागा नसेल तर वाचनालय आहे. १८५० पासून चालत आलेले करवीर नगर वाचन मंदिर याच शहरात आहे आणि शांत टेबल ही स्वतःच एक खूण असते.

त्यानंतर एकेक काम मुलाकडे सोपवत जावे. सहावीत गजर लावून स्वतः उठणे आणि दप्तर रात्रीच भरणे, सातवीत आठवड्याचे वेळापत्रक स्वतः लिहून रविवारी ते कितपत पाळले गेले हे पाहणे, आणि शाळा चुकली तर रजेचा अर्ज स्वतः लिहिणे. वही घरी राहिली तर ती पोचवायला वडिलांनी गाडी काढू नये. सातवीत एका तासापुरती शिक्षकांची बोलणी खाणे हा फार स्वस्त सौदा आहे. आठवीत केएमटीच्या, म्हणजे शहर बसच्या, पासाचा किंवा शाळेच्या दाखल्याचा अर्ज मुलाने स्वतः भरावा, कागदपत्रे स्वतः लावावीत आणि एखादे राहिले तर पुन्हा रांगेत उभे राहावे. आईवडिलांपैकी कोणी सोबत गेलेच, तर त्यांनी चार पावले मागे थांबावे आणि खिडकीपलीकडच्या माणसाने त्यांच्याकडे पाहून प्रश्न विचारला, तरी उत्तर मुलालाच देऊ द्यावे.