पिवळ्या दिव्याची तक्रार नेमकी कुणाबद्दल?

दिवाळीनंतर अंबाजोगाईजवळच्या मामाच्या गावाहून छत्रपती संभाजीनगरला परतत होतो. केज, मांजरसुंबा, बीड सगळं नीट पार पडलं. गेवराईकडं जाताना टोलनाक्याच्या रांगेत गाडी उभी होती, तेव्हा मीटरमध्ये इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला. गाडी चालत होती, पिकअप होता, तापमानाचा काटा जागेवर होता. उभ्या गाडीत इंजिन किंचित अडखळत होतं, तेही दिवा दिसल्यावर लक्षात आलं.

पिवळा आणि लाल यांतला फरक आधी सांगतो. ऑइलचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला, तर गाडी तिथंच बाजूला घ्यायची. इंजिनाचा पिवळा दिवा स्थिर असेल, तर बेतानं चालवत गॅरेज गाठता येतं. तोच लुकलुकायला लागला तर मात्र पाय सैल करा. इंजिन मिसिंग मारतंय आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडं चाललंय, असा त्याचा अर्थ. तिथं धुरातले विषारी वायू निवळवणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा मुलामा दिलेली ती चिनी मातीची जाळी. पेट्रोल तिच्यात जाऊन पेटलं की जाळी वितळू शकते, आणि ती बदलायचा खर्च ऐकून घाम फुटतो.

या दिव्याची मूळ नेमणूक इंजिनाच्या काळजीसाठी झालेलीच नाही. लॉस एंजेलिसच्या धुरकट हवेला कंटाळलेल्या कॅलिफोर्नियानं गाडीनं स्वतःच्या धुरावर स्वतःच नजर ठेवावी असा नियम केला. त्याची सुधारलेली आवृत्ती, म्हणजे ओबीडी-२, १९९६ पासून अमेरिकेतल्या सगळ्या नव्या कारना लागू झाली. आपल्याकडे ती २०१३ पासून आली. त्यामुळं धूर बिघडवू शकेल असं काहीही झालं की हा दिवा लागतो. क्लच घसरत असेल, बेअरिंग ओरडत असेल, तर त्याला त्याचं काही देणंघेणं नसतं.

बीड-गेवराई रस्त्यावरच्या एका गॅरेजात गाडीच्या कॉम्प्युटरनं नोंदवलेला बिघाडाचा कोड वाचणारा स्कॅनर लावला. स्टिअरिंगखाली १६ पिनांचं एक सॉकेट असतं, त्यात तो बसतो. कोड आला पी०१७१. यातला ‘पी’ म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सचं खातं, पुढचं शून्य म्हणजे सगळ्या कंपन्यांना सामाईक असलेला कोड, आणि १ म्हणजे हवा-इंधनाचा हिशोब. सगळ्याचा अर्थ इतकाच, की मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. मिस्त्रींनी कोड पाहिला आणि म्हणाले, “ऑक्सिजन सेन्सर गेला मालक, बदलावा लागंल.”

इथंच गोची होते. कोड हे रोगाचं नाव नसतं, ती तक्रार असते. ऑक्सिजन सेन्सर तर इथं तक्रार घेऊन येणारा माणूस. तो धुराच्या नळीत बसून बाहेर पडणाऱ्या वायूत ऑक्सिजन किती उरला ते सांगतो. नेहमीचा झिर्कोनियाचा सेन्सर मिश्रण घट्ट (पेट्रोल जास्त) असलं तर ०.९ व्होल्टच्या आसपास दाखवतो, पातळ (पेट्रोल कमी) असलं तर ०.१. कॉम्प्युटर त्याचं ऐकून पेट्रोल कमीजास्त करतो, आणि किती टक्के भर घातली किंवा काढली याची नोंद ठेवतो. त्या नोंदीला फ्युएल ट्रिम म्हणतात. ही भर साधारण वीस-पंचवीस टक्क्यांपुढं जायला लागली, की कॉम्प्युटर हात टेकतो आणि दिवा लावतो.

मी मिस्त्रींना म्हटलं, सेन्सर राहू द्या, ट्रिम दाखवा. इंजिन रिकामं चालू असताना अधिक २४ टक्के. रेस देऊन २५०० आरपीएमवर धरलं तर अधिक १०.

सेन्सर खोटं बोलत असता तर दोन्हीकडं सारखंच बोलला असता. पेट्रोलचा पंप कमजोर असता तर रेस दिल्यावर, म्हणजे मागणी वाढल्यावर, आकडा चढला असता. इथं तो उतरत होता. याचं गणित सोपं आहे. माझ्या गाडीत आत जाणारी हवा मोजणारं मीटर आहे. रिकाम्या चालीत इंजिन सेकंदाला साधारण ३ ग्रॅम हवा घेतं. या मीटरच्या पुढं कुठं भोक पडून सेकंदाला ०.६ ग्रॅम हवा चोरून आत शिरली, तर मोजलेल्या हवेच्या ती २० टक्के होते. रेस दिली की इंजिन १० ग्रॅम घेतं, भोक तेवढंच राहतं, आणि चोरी ६ टक्क्यांवर येते. विहिरीवरची मोटार बारीक चालवली तर पाइपाच्या गळतीत बरंच पाणी जातं, जोरात चालवली तर तेवढी गळती जाणवत नाही, तसंच काहीसं. (फक्त मॅनिफोल्डमधला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळकांड्यातला, दाब मोजून हवेचा अंदाज बांधणाऱ्या गाड्यांत हे गणित असं चालत नाही. तिथं गळतीची हवाही मोजली जाते आणि इंजिन नुसतं जास्त फिरू लागतं.)

कॉम्प्युटरकडं आणखी एक पुरावा असतो. बिघाड नोंदवला त्या क्षणाची सगळी परिस्थिती तो जपून ठेवतो, तिला फ्रीज फ्रेम म्हणतात. तिथं वेग शून्य, इंजिन गरम, आरपीएम आठशेच्या आत. सगळं रिकाम्या चालीकडंच बोट दाखवत होतं. बॅटरीचा टर्मिनल काढून लावायचा आपल्याकडचा रामबाण इलाज केला असता, तर कोडसोबत हा पुरावाही पुसला गेला असता.

बोनेट उघडून आम्ही रबरी नळ्या चाचपायला लागलो. इंजिनाच्या क्रँककेसमधली, म्हणजे तळाच्या पेटीतली, वाफ परत इनटेककडं, म्हणजे हवा आत जाण्याच्या वाटेकडं, नेणारी एक नळी असते. तिच्या वळणावर खालच्या बाजूनं, जिथं नजर जात नाही तिथं, दातांच्या खुणा होत्या. मिस्त्रींनी पकडीनं नळी दाबली आणि इंजिनाचं अडखळणं थांबलं. सोडली, पुन्हा सुरू.

गाडी मामाच्या पत्र्याच्या शेडमध्ये सोयाबीनच्या थप्पीला लागून आठवडाभर उभी होती. रात्री गार पडलं की उंदरांना बोनेटखालचा आडोसा आणि शेजारी धान्य, दोन्ही एकाच पत्त्यावर. दिवा लगेच का लागला नाही, याचंही उत्तर मिळालं. असा बिघाड सहसा लागोपाठ दोन फेऱ्यांत दिसला तरच कॉम्प्युटर दिवा लावतो. आदल्या दिवशी मामाला घेऊन अंबाजोगाईच्या बाजारात गेलो, ती पहिली फेरी. तेव्हाच त्यानं गुपचूप नोंद केली होती.

नवी नळी बसली, क्लिपा आवळल्या. ट्रिम शून्यावर येईल असं वाटलं होतं, ती ४ वर थांबली. मिस्त्रींनी माझ्याकडं पाहिलं. ही भर उसाची, म्हणजे पंपावरच्या पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलची. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जळायला सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९. त्यामुळं २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला साडेतेराच्या आसपास हवा पुरते. तेवढीच हवा असेल तर इंधन थोडं जास्त सोडावं लागतं. माझी गाडी १० टक्क्यांच्या हिशोबानं बनलेली, म्हणून चार-एक टक्क्यांची भर तिच्या कॉम्प्युटरला कायमची घालावी लागते. जुन्या गाडीत पातळ मिश्रणाचा कोड येईपर्यंतची मोकळीक आता तेवढी कमी उरते. मराठवाड्यातल्या उसाच्या फडांपासून माझ्या इंजेक्टरपर्यंतचा हा धागा त्या गॅरेजातच पहिल्यांदा आकड्यात दिसला.

“कोड पुसून देऊ का?” मिस्त्रींनी विचारलं. नको म्हटलं. बिघाडाशिवाय तीन फेऱ्या झाल्या की कॉम्प्युटर दिवा स्वतःच विझवतो. संभाजीनगरला पोचेपर्यंत तो जळतच होता. दुसऱ्या दिवशी कामावर जातानाही होता. तिसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला निघालो, चौकातल्या सिग्नलवर खाली पाहिलं, तर मीटर कोरं होतं.