त्र्यंबकचा हिरा आणि भाचीची अंगठी

भाचीच्या साखरपुड्याची अंगठी घ्यायला नाशिकच्या सराफ बाजारात गेलो होतो. पेढीवरच्या काकांनी कागदाच्या पुडीतून दोन सुटे हिरे काढले. एक पुरा एक कॅरटचा, दुसरा नव्वद सेंटचा. भाची लगेच म्हणाली, "मामा, एक कॅरटचाच घेऊ. सांगायलाही बरं."

कॅरट म्हणजे 200 मिलिग्रॅम आणि सेंट म्हणजे त्याचा शंभरावा भाग. दोन खड्यांत फरक जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढा. पण हिऱ्याचा भाव कॅरटमागे लावतात आणि एकचा आकडा गाठला की तो भावही उडी मारतो. काकांनी गेज लावलं तर दोघांचा व्यास तोच, 6.2 मिलिमीटर! मग जास्तीचं वजन होतं कुठे? पोटात. कारागिराने एक कॅरट भरवण्यासाठी खडा खालून खोल ठेवला होता.

दुकानातल्या दिव्यांखाली काचही चमकते. म्हणून काकांना विचारून दोन्ही खडे दाराशी, ढगाळ उजेडात आणले. धाकटा लखलखत होता. थोरल्याच्या मधोमध काळा डाग.

हिऱ्याचा अपवर्तनांक, म्हणजे उजेड किती वाकतो त्याचं माप, 2.42, त्यामुळे त्याचा क्रांतिक कोन अवघा 24.4 अंश. आतला किरण लंबाशी याहून मोठा कोन करून पैलूवर आपटला, की बाहेर न पडता आतच परततो. काचेत हा कोन 42 अंशांच्या आसपास, म्हणून तिच्यातून उजेड सहज निसटतो. चांगल्या गोल ब्रिलियंट कटमध्ये खालचे मुख्य पैलू आडव्या पातळीशी साधारण 41 अंशांवर कलते ठेवतात; खालून दोनदा परतलेला किरण मग वरच्या पैलूंतून रंग फाकत बाहेर पडतो. खडा खोल ठेवल्याने हा कल 45 अंशांकडे गेला की समोरासमोरचे पैलू काटकोनात जोडलेल्या दोन आरशांसारखे वागतात, उजेड आल्या वाटेनेच परत पाठवतात. थोडक्यात, तो काळा डाग म्हणजे वाकून बघणाऱ्या आमच्याच डोक्यांची सावली!

कटासाठी वजन सोडावं लागतं, याचा दाखला आपल्या जिल्ह्यातलाच आहे. त्र्यंबकेश्वराचा म्हणून ओळखला जाणारा 'नासक' हिरा 1818 साली पेशवाई बुडाली तेव्हा इंग्रजांच्या हाती लागला. तेव्हा तो सुमारे 90 कॅरटचा होता. लंडनच्या जवाहिऱ्यांनी चमक वाढवायला त्याला पुन्हा पैलू पाडले, तो 78 वर आला. 1940 मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टनने तो आणखी कापून 43.38 कॅरटचा केला. जाणत्या माणसांनी मिळून निम्म्याहून जास्त हिरा असा घालवला, आणि आपण दहा सेंटांसाठी अडून बसतो.

रंग आणि स्वच्छतेवर मी फार जीव टाकत नाही. पिवळी झाक बहुधा नायट्रोजनची. पिवळ्या सोन्यात जडवल्यावर ती थोडी असली तरी कळत नाही. दहापट भिंगाखालीही मुश्किलीने दिसणाऱ्या ठिपक्यांसाठी व्हीव्हीएसचे, म्हणजे स्वच्छतेच्या वरच्या प्रतीचे, पैसे मोजणं तर मला पटतच नाही. नुसत्या डोळ्यांना खडा स्वच्छ दिसला की पुरे.

प्रयोगशाळेत वाढवलेला हिराही कार्बनचाच, खराच हिरा. भिंगाने किंवा दुकानातल्या साध्या टेस्टरने तो ओळखता येत नाही. तो बराच स्वस्त पडतो, पण विकायला गेलं तर हाती फारसं काही येत नाही. म्हणून सर्टिफिकेट मागायचं, आणि खड्याच्या कडेवर लेसरने कोरलेला नंबर असेल तर तो भिंगातून त्याच्याशी ताडून बघायचा. हॉलमार्कवर विसंबू नये. तो सोन्याचा असतो, हिऱ्याचा नाही.

भाचीने भिंग डोळ्याला लावलं, तीनदा खडा फिरवला आणि एकेक आकडा मोठ्याने वाचला. जुळला. नव्वद सेंटचाच घेतला.

बिल आल्यावर एकच पाहिलं. अंगठीच्या एकूण वजनातून हिऱ्याचे 0.18 ग्रॅम वजा करून सोन्याचा भाव लावलाय का? लावला होता.