‘मिनिमम ड्यू’ भरलं की व्याज लागत नाही?

क्रेडिट कार्डाचं किमान देय (‘मिनिमम ड्यू’, म्हणजे बिलातली निदान भरावीच लागणारी छोटी रक्कम) भरत राहा, व्याज लागत नाही आणि कॅशबॅक फुकटात पदरात पडतो, हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. किमान देय भरल्याने फक्त लेट फी टळते आणि खातं थकीत दिसत नाही. व्याज लागतंच, तेही खरेदीच्या तारखेपासून.

समजा, ३०,००० रुपयांची खरेदी केली, १ टक्का कॅशबॅक म्हणजे ३०० रुपये. दरमहा ३.५ टक्के व्याज (बऱ्याच कार्डांवर साधारण इतकं असतं) आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरला तर रोजचे साधारण ४० रुपये होतात. ३०० रुपये आठव्या दिवशीच संपले! बिल यायच्या आधीच, बहुधा.

त्यात बाकी उरली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. मग दुधाच्या पिशवीवरही पहिल्या दिवसापासून व्याज. अशी बाकी ठेवल्यानंतर पूर्ण बिल भरलं तरी पुढच्या बिलात थोडं व्याज दिसतं, ते बिल निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतच्या दिवसांचं. घाबरू नका, तेही भरून टाका.

ऑटो-पे लावताना ‘मिनिमम’ नाही, ‘टोटल अमाउंट ड्यू’ निवडा.