हरित ऊर्जा

सूर्यप्रकाश, वारा, वाहते पाणी, जैविक कचरा, भूगर्भातील उष्णता आणि समुद्राची भरती-ओहोटी यांपासून मिळणाऱ्या, हवा, पाणी व जमिनीची कमीत कमी हानी करणाऱ्या ऊर्जेस हरित ऊर्जा म्हणतात. हे स्रोत निसर्गात पुन्हा भरून येतात. मात्र भरून येणारी प्रत्येक ऊर्जा हरित असतेच असे नाही. धरणाखाली जंगल आणि गावे गेली असतील, तर तेथील विजेला हरित म्हणावे काय, याविषयी मतभेद आहेत. भारतात २५ मेगावॉटहून मोठे जलविद्युत प्रकल्प २०१९ पर्यंत नवीकरणीय, म्हणजे पुन्हा भरून येणाऱ्या, ऊर्जेत धरले जात नव्हते.

गोव्यात मोठे वीजनिर्मिती केंद्र नसल्याने बहुतेक वीज राज्याबाहेरून येते आणि तिच्यात कोळशावरील विजेचा वाटा मोठा असतो. धूर दूर राहतो, पण वीज वाहून आणण्याचा भार येथील रानांवर पडतो. गोवा-तमनार पारेषण प्रकल्पाची उच्चदाब वाहिनी मोले येथील संरक्षित रानाच्या परिसरातून नेण्यास २०२० पासून लोकांनी तीव्र विरोध केला, तो याच कारणाने. म्हणूनच जेथे वापर तेथेच निर्मिती करू देणारी छतावरील सौर ऊर्जा गोव्यासाठी सर्वांत मोलाची ठरते.

प्रकाशाने विद्युतप्रवाह निर्माण होतो हे एदमाँ बेकरेल यांनी १८३९ मध्ये दाखवले; सिलिकॉनचा व्यवहार्य सौरघट १९५४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तयार झाला. एक किलोवॉट क्षमतेच्या संचाला सुमारे १०० चौरस फूट सावलीविरहित जागा लागते आणि वर्षाच्या सरासरीने त्यापासून रोज साधारण चार युनिट वीज मिळते. गोवा सुमारे १५ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने पॅनल दक्षिणेकडे तोंड करून साधारण तेवढ्याच उतारावर बसवतात. पॅनलमधील घट एकापुढे एक जोडलेले असल्यामुळे माडाच्या एका झावळीची सावली काही घटांवर पडली तरी उत्पादन बरेच घटते, आणि घराभोवती माड नाहीत असे गाव येथे विरळाच. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत सांगाडा गंजू नये म्हणून जस्ताचा मुलामा दिलेले पोलाद किंवा ॲल्युमिनियम वापरावे लागते. जास्तीची वीज, दिलेली व घेतलेली वीज मोजणाऱ्या नेट मीटरमार्फत, ग्रिडला म्हणजे सार्वजनिक वीजजाळ्याला देता येते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटच्या घरगुती संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते.

जूनपासून आभाळ भरले की सौर उत्पादन खालावते; नेमक्या त्याच दिवसांत नैर्ऋत्य मोसमी वारे जोर धरतात. वाऱ्यातील ऊर्जा त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते, म्हणजे वेग दुप्पट झाला की ऊर्जा आठपट होते. म्हणून पवनऊर्जा सौर ऊर्जेला पूरक ठरते. देशात गुजरात व तमिळनाडू या क्षेत्रात अग्रेसर आहेत.

भरती-ओहोटीवरील पहिले मोठे केंद्र फ्रान्समधील रान्स नदीच्या मुखाशी १९६६ मध्ये सुरू झाले; त्याची क्षमता २४० मेगावॉट आहे. गोव्याच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतील फरक जेमतेम दोन-अडीच मीटर असल्याने अशी वीजनिर्मिती येथे परवडणारी नाही. तरी खाजन शेतीत, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनीवरील शेतीत, भरतीच्या बळाचा उपयोग पिढ्यान्‌पिढ्या होत आला आहे: बांधातील मानशीची (पाणी अडवण्या-सोडण्याच्या मोरीची) लाकडी दारे भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडून शेतातले पाणी बाहेर सोडतात.

ओल्या कचऱ्याचे हवेविना कुजवण होऊन मिथेनयुक्त वायू तयार होतो. बार्देश तालुक्यातील साळगाव येथील कचरा प्रक्रिया प्रकल्पात २०१६ पासून त्यावर वीज तयार केली जाते. पर्यटनामुळे येथे उपाहारगृहांचा ओला कचरा मुबलक असल्याने या मार्गाला बराच वाव आहे. भूऔष्णिक ऊर्जेचा भारतातील प्रमुख प्रदेश लडाखमधील पूगा खोरे होय.

राज्याची संपूर्ण विजेची गरज २०५० पर्यंत नवीकरणीय स्रोतांतून भागवण्याचे उद्दिष्ट गोवा सरकारने जाहीर केले आहे. जमीन अपुरी असल्यामुळे त्यातील बराच भाग इतर राज्यांतून विकत घ्यावा लागेल, आणि पावसाळ्यातील तूट व संध्याकाळची वाढती मागणी भागवण्यासाठी बॅटरी किंवा उदंचन जलविद्युत (पाणी उंचावर चढवून ठेवायचे आणि गरजेच्या वेळी खाली सोडून वीज करायची) यांसारखी साठवणही उभारावी लागेल.