यादीमागचा जुगार : बेस्टसेलरची पार्श्वभूमी

पुस्तकं तुफान खपण्यासाठी बेस्टसेलर यादीची वाट पाहत नव्हती. ‘अंकल टॉम्स केबिन’ १८५२ मध्ये पुस्तकरूपात आलं आणि वर्षभरात एकट्या अमेरिकेत ३ लाखांच्या घरात गेलं. खपाची नियमित यादी मात्र १८९५ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘द बुकमन’ मासिकाने सुरू केली. संपादक हॅरी थर्स्टन पेक शहरोशहरीच्या विक्रेत्यांकडून माहिती मागवत. त्यातून खप हीच बातमी झाली, आणि बातमीमुळे आणखी खप होऊ लागला.

हा परिणाम वाटतो तेवढा सरसकट नाही. अर्थतज्ज्ञ अ‍ॅलन सोरेन्सन यांनी २००७ च्या अभ्यासात ‘न्यूयॉर्क टाइम्स’ची यादी तपासली. यादीत येण्याचा सर्वाधिक फायदा पहिलंच पुस्तक लिहिणाऱ्यांना होतो. नाव झालेल्यांना जेमतेम. इतर पुस्तकांचा खप त्यामुळे घटतो, असा पुरावा त्यांना सापडला नाही. म्हणजे मोजकीच पुस्तकं गाजतात, याचा दोष यादीमागे जाणाऱ्या वाचकाला देण्याआधी धंद्याच्या रिवाजांकडे पाहायला हवं.

त्यातला सर्वांत दुर्लक्षित रिवाज परतीचा. १९३० च्या सुमारास, महामंदीत, दुकानदार नवं पुस्तक घ्यायला धजेनात. तेव्हा अमेरिकी प्रकाशकांनी न विकलेल्या प्रती परत घेण्याची मुभा दिली. मंदी सरली, मुभा राहिली. पुस्तक गाजणार अशी हवा असली की दुकानदार गठ्ठेच्या गठ्ठे मागवतो; अंदाज चुकला तर भुर्दंड प्रकाशकाला. एवढी जोखीम घ्यायची तर ती ओळखीच्या नावावरच घेतली जाणार.

ब्रिटनमध्ये बराच काळ एक बांध होता. १९०० पासूनच्या ‘नेट बुक अ‍ॅग्रीमेंट’मुळे छापील किमतीखाली पुस्तक विकता येत नसे. गाजलेल्या पुस्तकाच्या नफ्यावर दुकानदार सावकाश खपणारी पुस्तकं सांभाळू शके. १९९५ मध्ये करार मोडला. सुपरमार्केटांनी मोजकी हमखास खपणारी पुस्तकं उचलली आणि भाव पाडले. २००७ मध्ये हॅरी पॉटरचा शेवटचा भाग त्यांनी इतका स्वस्त विकला की छोट्या दुकानांना घाऊक दरानेही ती किंमत परवडेना. वर्षातलं सर्वांत मोठं पुस्तक, आणि पुस्तकांच्याच दुकानाला त्यात काही सुटू नये! (याच मालिकेच्या पहिल्या भागाच्या पुठ्ठा बांधणीच्या प्रती १९९७ मध्ये अवघ्या ५०० छापल्या होत्या. पुढे २००० मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ला मुलांच्या पुस्तकांची वेगळी यादी काढावी लागली, कारण मोठ्यांच्या यादीतल्या वरच्या जागा या मालिकेनेच अडवल्या होत्या.)

हा जुगार किती टोकाला गेला आहे, ते २०२२ मध्ये कोर्टात उघड झालं. पेंग्विन रँडम हाऊस या बड्या प्रकाशन कंपनीला सायमन अँड शुस्टर ही दुसरी प्रकाशन कंपनी विकत घ्यायची होती. नफ्यात जाणाऱ्या पुस्तकांपैकी जेमतेम ४ टक्के पुस्तकं ६० टक्के नफा मिळवून देतात, अशी माहिती सुनावणीत पुढे आली. न्यायाधीश फ्लॉरेन्स पॅन यांनी ऑक्टोबरमध्ये विलीनीकरण रोखलं. खटल्याचा मुख्य मुद्दा होता तो अडीच लाख डॉलर किंवा त्याहून अधिक आगाऊ मानधन मिळवणाऱ्या लेखकांचा. मधल्या फळीतल्या लेखकांचा नव्हे.